पाचव्या माणसाचा गंज

“हे काय तुमच्या बापाचं आहे का?”

कॉरिन मटूसिकने विचारलं ते चांगल्या खणखणीत आवाजात. मागे बाकावर बसलेल्या मॅरिसोल आणि ब्रिन या दोघींना ते ऐकू गेलं पाहिजे, अशी पैजेची अटच होती. गेट पार्कमध्ये दर शनिवारी एक म्हातारा यायचा, तिथल्या शिल्पातल्या पाच पोलादी माणसांपैकी शेवटच्यासमोर गालिच्याचा तुकडा टाकून गुडघे टेकायचा आणि तारेच्या ब्रशने त्याला खसाखसा घासत बसायचा. अख्ख्या वेल्डन गावाने हे पाहिलं होतं आणि कोणी कधी काही विचारलं नव्हतं. मॅरिसोल म्हणाली होती, विचारून दाखव, आणि शब्द अगदी हेच, एकही बदलायचा नाही. हरलीस तर महिनाभर माझी बॅग तू उचलायची.

वर्षभरापूर्वीची कॉरिन असती तर तिने मुकाट्याने बॅग उचलली असती. ती कॉरिन दुपारचं सँडविच शाळेच्या ग्रंथालयात, नकाशांच्या कपाटामागे बसून खायची. पण सप्टेंबरात सकाळच्या सूचना वाचणाऱ्या मुलीचा घसा बसला, आणि समोर दिसली म्हणून बाईंनी हिलाच माईकसमोर बसवलं. त्या दिवशी नऊशे पोरांनी वर्गावर्गातल्या भोंग्यातून कॉरिनचा आवाज ऐकला आणि खुद्द कॉरिननेही तो पहिल्यांदाच ऐकला. तेव्हापासून नवी सायकल मिळालेल्या पोरीसारखं तिचं झालं होतं. काम असो नसो, घंटी वाजवत गावभर फिरायचं.

म्हाताऱ्याने मान वळवली नाही. ब्रश तेवढा थांबला.

“बापाचं नाही,” तो म्हणाला. “मुलाचं आहे.”

आणि परत घासायला लागला.

बाकावर खिदळणं चालू होतं. पैज जिंकली होती, आता वळून टेचात निघायचं, एवढंच बाकी होतं. पण कॉरिनचे पाय निघेनात. कोणी अंगावर ओरडलं असतं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. इतक्या साध्या उत्तराला काय म्हणायचं, ते तिने ठरवलंच नव्हतं. म्हणून ती तिथेच उभी राहिली, आणि मग उभं राहून काहीतरी बोलावं लागतंच, म्हणून तिने विचारलं की मुलाचं म्हणजे कसं.

म्हाताऱ्याचं नाव ऑगस्ट हॅल्को. ही पाचही माणसं त्याच्या मुलाने, एमिलने घडवली होती. आता जिथे हिरवळ होती आणि जिच्यावर हंसांनी इतकी घाण केली होती की पावलं जपून टाकावी लागत, तिथे पूर्वी पोलादाचा कारखाना होता. कारखाना गेला, त्याचं फाटक तेवढं राहिलं, आणि त्या फाटकाकडे ही पाच माणसं कामावर निघालेली होती. माणसं म्हणजे नुसते उंच पत्रे, पाठीत वाकवलेले. डोकं नाही, हात नाहीत, तरी लांबून बघितलं की पाळीवर निघालेली माणसंच वाटायची. पहिले चार रंगाने जुन्या गुळाच्या ढेपेसारखे झाले होते, काळपट, दाट. पाचवा मात्र कुठे पिवळा, कुठे नारिंगी, कुठे चकचकीत, अंगावर कोड फुटल्यासारखा.

मिस्टर हॅल्कोंनी एकतीस वर्षं त्या कारखान्यात एकच काम केलं होतं. क्रेनवर चढायचं, गंज खरवडायचा, रंग द्यायचा. एका टोकाचं संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला गंज धरलेला असायचा, मग परत तिकडून सुरुवात. गंज दिसला आणि सोडून दिला, असं त्यांच्या टोळीतल्या माणसाने केलं तर बाकीचे त्याच्याबरोबर डबा खात नसत.

“उद्घाटनाच्या दिवशी एमिल मला म्हणाला, पप्पा, हा शेवटचा तुम्ही,” ते म्हणाले. “मी वर बघितलं. मला गंजत ठेवलं होतं त्याने. सगळ्या गावासमोर.”

ते तिथल्या तिथे म्हणाले होते की सोमवारी दोन डबे रंग घेऊन येतो. एमिल हसला नाही. रंग लावणार नाही, असं त्याने वडिलांकडून वचन घेतलं, सर्वांदेखत. पुढची दोन वर्षं बापलेक नाताळला फोनवर बोलले, तेही हवेबद्दल. मग एमिल कामाच्या शेडमध्येच, दूर दुसऱ्या राज्यात, हृदय बंद पडून गेला. त्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मिस्टर हॅल्को दर शनिवारी इथे येत होते.

“वचन मी पाळलंय,” मिस्टर हॅल्को म्हणाले. “रंग लावणार नाही म्हणालो होतो. घासणार नाही असं काही म्हणालो नव्हतो.”

कॉरिनने दुसरा ब्रश मागितला. कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात चार-पाच होते. तासाभराने तिचे खांदे भरून आले, नखांत तांबडी भुकटी गेली आणि पत्र्याचा वहीएवढा तुकडा लखलखीत झाला. मॅरिसोल दोनदा येऊन म्हणाली की पैज कधीच संपली, बाई, आता ही कुठली नोकरी धरलीस. कॉरिनने हात हलवून तिला वाटेला लावलं. तिचा ऊर भरून आला होता. आपण गावातलं एक मोठं दुःख शोधून काढलंय आणि त्यावरचा इलाज हातातल्या ब्रशात आहे, अशी तिची खात्री झाली होती.

आणि सोमवारी सकाळी ती माईकवर बसली.

जेवणात काय आहे, बास्केटबॉलचा सराव कुठे आहे, हे वाचून झाल्यावर तिने कागद बाजूला ठेवला आणि कोणाला न विचारता सांगितलं की आपल्या गावाने पाच कामगारांना पावसात गंजायला सोडलंय आणि एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ एकटे त्यांना वाचवताहेत. शनिवारी दहा वाजता गेट पार्क. ब्रश आणा, हातमोजे आणा, लाज वाटत असेल तर तीही घेऊन या. शेवटचं वाक्य तिला आयत्या वेळी सुचलं होतं आणि दिवसभर तिला त्याचा अभिमान वाटत होता. बाईंनी कपाळाला हात लावला, पण त्याही हसत होत्या.

घरी तिने काही सांगितलं नाही. तिचे वडील, वेन मटूसिक, नगरपालिकेच्या बागांच्या टोळीचे मुकादम होते. सगळं झाल्यावर त्यांना स्वतः नेऊन दाखवायचं, असं तिने मनात ठरवलं होतं. त्या शनिवारी ते गावाच्या पलीकडच्या टोकाला मोडलेले झोपाळे उतरवत होते.

तेवीस पोरं आली. नोव्हेंबरचं आभाळ खाली आलेलं, नदीवरून बोचरा वारा, आणि तेवीस पोरं ब्रश घेऊन. कोणी बापाच्या गॅरेजमधला आणला होता, कोणी आईचा तवा घासायचा, एकाने तर बॅटरीवर फिरणारं यंत्रच आणलं. मिस्टर हॅल्को पहिल्यांदा घाबरले. ते म्हणाले की फक्त पाचवा, बाकीच्यांना मी कधी हात लावलेला नाही, बाकीचे माझे नाहीत. कॉरिनने ते ऐकलंही. पण तोवर पोरं पाचही पत्र्यांना मुंग्यांसारखी लागली होती, आणि एका पत्र्याभोवती तेवीस जण मावणार तरी कसे. ती म्हणाली, असू दे की, मिस्टर हॅल्को, ते तुमचे मित्रच ना. ते मग एका लहान मुलीला ब्रश कसा धरायचा, मनगट कसं सैल सोडायचं, ते दाखवायला लागले.

दुपारी एकपर्यंत पाचही माणसं हाताच्या उंचीपर्यंत उघडी पडली होती. जाताना मिस्टर हॅल्कोंनी कॉरिनचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे तळवे तारेच्या ब्रशाइतकेच खरखरीत होते.

“आज एमिल हवा होता,” ते म्हणाले.

रविवारभर पाऊस पडला.

सोमवारी शाळा सुटल्यावर कॉरिन फोटो काढायला गेली, तर पाच माणसांभोवती नारिंगी जाळीचं कुंपण. आत गावातल्या शिल्पांची देखभाल बघणाऱ्या मिस व्हर्नॉन गुडघ्यावर बसल्या होत्या. पत्र्यांवरून तांबडे ओघळ खालच्या फरशीवर उतरले होते, कोणी जखमी माणूस भिंतीला टेकून बसून गेल्यासारखे. कॉरिनला वाटलं, घासायचं काही राहिलं म्हणून असेल. तिने जाळीबाहेरून तसं विचारलं.

मिस व्हर्नॉन थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं, कारण समोर कोण उभी आहे ते त्यांना माहीत नव्हतं. हे पोलाद वेगळं असतं. त्याला रंग द्यावा लागत नाही. उघड्यावर ठेवलं की त्याच्यावर गंज धरतो, आणि काही वर्षांनी तो गंजच इतका घट्ट बसतो की आतल्या पोलादाला मग पाणी शिवत नाही.

“खपली असते ती,” त्या म्हणाल्या. “खपली रोज काढत राहिलं तर खाली कातडी येईल कुठून?”

चार पत्र्यांची आठ वर्षांची खपली एका दुपारी गेली होती. ती परत धरेल, डाग राहतील, पण धरेल. पाचव्याचं सांगता येत नव्हतं, असं म्हणून त्यांनी हातातला पेचकस पाचव्याच्या पायाशी टेकवला आणि हलकेच दाबला. पेचकस आरपार गेला, ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून वाटेवर टाकलेलं मीठ साचायचं आणि वरून वर्षानुवर्षं कोणीतरी घासत होतं. बर्फ पडायच्या आत पाचवा कापून काढावा लागणार होता. वाऱ्याने पडला तर कोणाच्या अंगावर जाईल.

कॉरिनने फोटो काढला नाही. घरी येऊन तिने गरम पाण्याने नखं धुतली. दोन दिवस धुऊनही एक तांबडी रेघ राहिलीच.

मंगळवारी, बुधवारी तिने सूचना वाचल्या त्या इतक्या हळू आवाजात की मागच्या वर्गांनी तक्रार केली. तिला रोज वाटत होतं, आज बोलावणं येईल. मुख्याध्यापक बोलावतील, पोलीस येतील, निदान वडील तरी काहीतरी म्हणतील. त्यांना कळलं होतं, हे नक्की. कुंपण त्यांच्याच टोळीने घातलं होतं. पण ते जेवताना खाली बघून जेवायचे आणि लवकर उठायचे.

शुक्रवारी पार्कच्या दारातल्या फलकावर कागद लागला. मॅरिसोलने तो आधी पाहिला आणि कॉरिनला हाताला धरून तिथे नेलं. ऑगस्ट हॅल्को यांना वर्षभर गेट पार्कमध्ये पाऊल टाकण्यास मनाई. बागांच्या टोळीच्या अहवालाप्रमाणे सदर गृहस्थांनी शाळकरी मुलांना बोलावून, चिथावून, सार्वजनिक शिल्पाची नासधूस करविली. हरकत असल्यास पुढच्या मंगळवारी नगरपालिकेच्या उद्यान समितीच्या सभेत मांडावी.

मॅरिसोल म्हणाली, “सुटलीस की.” तिला वाटलं होतं, कॉरिन हसेल.

कॉरिनने तो कागद तीनदा वाचला. अहवाल कोण लिहितं, ते तिला माहीत होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्मा कपाळावर ढकलून, सावकाश ठळक अक्षरात.

तिथून ती घरी न जाता मिस्टर हॅल्कोंकडे गेली. त्यांचं घर कारखान्याच्या जुन्या चाळवजा रांगेत होतं, सगळी घरं सारखी, फक्त दारांचे रंग वेगळे. त्यांच्या दाराचा रंग इतका ताजा होता की हात लावायची भीती वाटावी. आत स्वयंपाकघरात ब्रशांचा डबा टेबलावर होता आणि त्याच्याखाली, डाग पडू नये म्हणून, तोच मनाईचा कागद घातलेला होता. घरी आलेली प्रत. त्यांनी तिच्यासमोर खसखशीचा रोल कापून ठेवला आणि स्वतः उभेच राहिले.

ते कागदाबद्दल बोललेच नाहीत. त्यांनी विचारलं, पाचवा ठीक आहे ना.

 कॉरिनने रोलचा तुकडा हातात धरला आणि खसखस टेबलावर सांडत राहिली. मग तिने सगळं सांगितलं, मिस व्हर्नॉननी सांगितलं होतं तसंच. खपलीचं सांगितलं, पेचकसाचं सांगितलं. हळुवारपणे कसं सांगायचं ते तिला येत नव्हतं, आणि खोटं सांगायचं नाही, एवढंच ती दारातून येताना ठरवून आली होती.

मिस्टर हॅल्को खुर्चीत बसले. त्यांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

“त्याने सांगितलं होतं मला,” ते म्हणाले. “पप्पा, थोडी वर्षं हात लावू नका, आपोआप बसेल. मला वाटलं, माझ्या हातांची लाज वाटते त्याला.”

तिने म्हटलं की तुम्हाला कसं कळणार होतं. ते म्हणाले, विचारता आलं असतं. फोन होता. दोन वर्षं फोन होता, पोरी, आणि मी त्याला तिकडे बर्फ किती पडला ते विचारत होतो.

मग ती सभेबद्दल बोलली. मंगळवारी जाऊन सांगायचं की मुलांना तुम्ही बोलावलं नव्हतं. ते नकारार्थी मान हलवत राहिले. त्यांना सभा नको होती, पार्कही नको होता. जो बघायला जायचे तोच कापून नेणार, तर आत जाऊन बसायचं कुणापाशी. कागदावर लिहिलंय ते चुकीचं आहे, असंही त्यांना म्हणवेना. नासधूस त्यांनीच केली होती, सहा वर्षं, दर शनिवारी, स्वतःच्या हाताने. बोलता बोलता त्यांनी ब्रशांचा डबा उचलला आणि तिच्याकडे सरकवला.

“हे घेऊन जा,” ते म्हणाले. “घरात नकोत.”

घरी पोचली तेव्हा शुक्रवारचा मासा तळून झाला होता आणि आईने तीन ताटं वाढली होती. कॉरिनने डबा ताटाशेजारी ठेवला. आईने आधी डब्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. म्हणजे आईलाही माहीत होतं.

वडिलांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी सांगितलं की साहेबांना एक नाव हवं होतं. शाळेच्या माईकवरून कोण बोललं, हे कोणी विचारायच्या आत त्यांनी दुसरं नाव लिहून टाकलं. तो ऐंशीचा आहे, त्याला कोण दंड करणार, कोण आत टाकणार, फार तर एका बागेत जाता येणार नाही. तुझ्या नावावर हे लागलं तर कॉलेजच्या अर्जापर्यंत पाठ सोडणार नाही. हे सगळं ते ताटाकडे बघून म्हणाले. मग म्हणाले की मी त्याला सहा वर्षं बघतोय. थंडी पडली की बागेतला नळ आम्ही बंद करतो, तो मी त्याच्यासाठी शनिवारी चालू ठेवायचो. वाटायचं, म्हाताऱ्याला तेवढंच एक काम आहे, करू दे.

“तुला माहीत होतं घासू नये ते?” कॉरिनने विचारलं.

“नव्हतं,” ते म्हणाले. “मलाही वाटायचं, बिचारा साफ करतोय.”

आई म्हणाली की आता झालं ते झालं, मासा निवतोय. तिचा आवाज नेहमीचा होता, पण ती स्वतः खात नव्हती. तिने हळूच हेही सांगितलं की अहवाल खोटा निघाला तर डॅडची मुकादमी जाईल, कदाचित कामच जाईल, आणि हे तुला कळायला हवं, म्हणून सांगतेय.

कॉरिनला कळत होतं. दोन महिन्यांपूर्वी आवाज सापडला तेव्हा तिला वाटलं होतं, बोलणं म्हणजे दार उघडणं. बोलण्याने दारं बंदही होतात, एखाद्याच्या तोंडावर, आणि तो माणूस आत बसून आपलेच तळवे बघत राहतो, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या हातांवर कुंपणाच्या तारेचे ओरखडे होते. तिला त्यांचा राग यायला हवा होता. तो येत नव्हता, त्यामुळे सगळंच जास्त अवघड झालं होतं. तिच्यासाठीच त्यांनी ते केलं होतं, मिस्टर हॅल्कोंनी एमिलसाठी केलं तसंच, काही न विचारता.

खिडकीबाहेर पावसात बर्फाचे कण मिसळायला लागले होते. पाचवा सोमवारी कापणार होते. तिने काटा खाली ठेवला, आणि माईकवर बोलायची त्यापेक्षा कितीतरी हळू, पण एकही शब्द न गाळता सांगितलं.

“मंगळवारी मी सभेला जाणार आहे. पोरांना मी बोलावलं, असं माझ्या नावानिशी सांगणार आहे. डॅड, तुझं नाव मी घेणार नाही. पण अहवाल कुणी लिहिला असं त्यांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. म्हणून तुला आज सांगतेय. आधी तूच जाऊन सांगायचं असेल, तर मधे तीन दिवस आहेत.”